कंदाला थंडी लागते

पाववाला पदेर सायकलवरून पुढच्या वाड्यात निघून गेला आणि पावांची पिशवी घेऊन सुविधा स्वयंपाकघरात आली, तेव्हा फ्रिजवर ठेवलेला तुषारचा मोबाईल थरथरला. तुषारला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याचा मोबाईल ती चालू ठेवत होती, कारण गॅसचा ओटीपी अजून त्याच नंबरावर यायचा आणि नंबर बदलायला गॅसवाल्याकडे जाणं तिच्याच्यानं होत नव्हतं. मेसेज कुठल्या तरी परक्या भाषेत होता. खाली मोबाईलनंच त्याचं मराठी करून दिलं होतं: ‘ती उठली का?’ पाठवणारीचं नाव होतं असुंता, आणि नावाशेजारच्या बारीक गोलात चेहऱ्याच्या जागी लिंबाचं झाड. सुविधानं ते तीन शब्द पुन्हा वाचले. ती नुकतीच उठली होती, केस मोकळे होते, चहाचं आधण ठेवायचं होतं. कोणीतरी तिच्या मेलेल्या नवऱ्याला विचारत होतं की ती उठली का. तिनं उगाचच जनेलातून बाहेर पाहिलं. खाली डिचोलीच्या बाजाराकडे जाणारी एक रिक्षा तेवढी वाजत गेली. तिनं मोबाईल पालथा घातला, पाव डब्यात टाकले, आणि चहा न पिताच आंघोळीला गेली.

तो बुधवार होता, म्हणजे लसीकरणाचा दिवस. सुविधा आरोग्य केंद्रात नर्स होती आणि गेली एकोणीस वर्षं लशींचा मोठा फ्रिज तिच्या ताब्यात होता. सकाळी नऊला आणि संध्याकाळी चारला त्याचं झाकण उघडायचं, आतला थर्मामीटर पाहायचा आणि वहीत आकडा लिहायचा: दोनच्या वर, आठच्या खाली. दोनच्या खाली गेलं की लस गोठून वाया जाते, आठच्या वर गेलं की तापून. त्या फ्रिजमध्ये तिनं कधी कुणाला पाण्याची बाटली ठेवू दिली नव्हती. एकदा एका डॉक्टरांनी आईस्क्रीमचा डबा ठेवला होता, तो तिनं त्यांच्यादेखत बाहेर काढून टेबलावर ठेवला होता. त्या दिवशी तिनं चार लिहिले, सर्वण गावात जाऊन चौदा मुलांना टोचलं, एका आजीला दोनदा सांगितलं की ताप आला तर घाबरायचं नाही, आणि हे सगळं चाललेलं असताना ती जागीच होती, उठलेली होती, आणि कोणाला तरी हे कळवायचं राहून गेलंय असं तिला वाटत राहिलं.

संध्याकाळी तिनं मोबाईल उघडला आणि वरवर जात राहिली. मेसेज चार वर्षांपूर्वीपासूनचे होते; तुषार गेल्यानंतरचे असुंताचे दोन-तीन तसेच उत्तराविना पडले होते. चार वर्षांपूर्वी तुषार जहाजावर होता. कपडे धुण्याच्या विभागात त्याचं काम. ओल्या चादरींची भरलेली ट्रॉली त्याच्या पायावर उलटली आणि पाय दोन ठिकाणी मोडला. जहाज त्याला इटलीच्या सार्डिनिया नावाच्या बेटावरच्या इस्पितळात उतरवून पुढे गेलं. पाय जुळेपर्यंत तीन महिने तो बंदराजवळ याच असुंताच्या घरात भाड्याच्या खोलीत राहिला. फोनवर तो एवढंच म्हणाला होता की घरमालकीण बरं जेवायला घालते. तो कायमचा परतला तेव्हा त्याच्या बॅगेत एका पायमोज्यात गुंडाळलेले तीन कंद होते, लिंबाएवढे, सुरणाच्या पिल्लांसारखे खरबरीत. सुविधाला वाटलं भाजी आहे. तुषार म्हणाला, फूल आहे, तिकडे दगडात येतं. पहिल्याच पावसाळ्यात दोन कंद कुजले. तिसरा उरला. गॅलरीच्या कोपऱ्यातल्या कुंडीत तो दरवर्षी पावसाळा सरला की पानं काढायचा, कानांसारखे वळलेले तुकडे असलेली विचित्र हिरवी पानं, आणि एप्रिलात सगळं वाळून जायचं. फूल कधी आलं नाही. तुषारनं त्याबद्दल कधी तक्रारही केली नाही. आताही ऑक्टोबर संपत आला होता, आणि ती उठून गॅलरीत गेली तेव्हा कुंडीतल्या कोरड्या मातीतून बोटाच्या पेराएवढं टोक वर आलेलं होतं. तेव्हा कुठे तिला कळलं की उठली का ते कोणाबद्दल विचारलं होतं. कळून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

कारण तोवर तिनं बाकीचं वाचलं होतं. तुषारनं त्या बाईला लिहिलं होतं की फूल आलं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये, दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस, तिसऱ्या वर्षी दोन. वास इतका भयंकर की बायकोनं नाकाला पदर लावून कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली, म्हणून फोटो राहिला. पण बायकोला झाड आवडतं, ती पाणी घालताना गाते, असं त्यानं लिहिलं होतं. रविवारी आम्ही दोघं मांद्र्याला समुद्रावर जातो, शिनाणे, म्हणजे मोठे शिंपले, घेतो, ती मासेवालीशी भांडून दोन जास्तीच घेते आणि परत येताना हसत बसते. सुवीला थंड पाणी लागतं. सुवीनं कुंडीभोवती बर्फ रचला. सुवी म्हणते, ज्याला हा वास सोसेल तोच आपल्या घरचा पाहुणा. अशी तीन वर्षं. सुविधाला घरात सुवी कोणी म्हणत नव्हतं. तुषार तिला ‘अगो’ म्हणायचा, तेही हाक मारायची वेळ आली तर. जहाजाच्या बावीस वर्षांत तो वर्षाला दोन महिने घरी असायचा, आणि त्या दोन महिन्यांत दोघं पाहुण्यांसारखी एकमेकांशी नीट वागायची. मग तो कायमचा घरी आला आणि कसं वागायचं ते दोघांनाही कळेना. ती केंद्रावरून दमून यायची. तो गॅलरीत खुर्ची टाकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. तिला वाटायचं पत्ते खेळतो. तो तिथे बसून, पाच पावलांवर स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईबद्दल एका परक्या बाईला सांगत होता, आणि ती बाई भांडी घासणारी नव्हती, दुसरीच होती. सुविधानं राग शोधून पाहिला. असुंतावर यायला हवा होता, पण असुंतानं कुठे काय लिहिलं होतं? ‘तुझ्या पत्नीस नमस्कार’, ‘तुझ्या पत्नीचा हात चांगला आहे’. मग त्या सुवीवर यावा, तर सुवी म्हणजे कोण? ती बराच वेळ दिवा न लावता बसून राहिली, आणि मग भात लावायचा राहिला म्हणून उठली.

तीन दिवसांनी तिनं उत्तर लिहिलं. आधी ‘तुषार आता नाहीत’ असं लिहिलं होतं. मोबाईलनं त्याचं भाषांतर केलं; ते बरोबर असेल का म्हणून तिनं ते उलट मराठीत करून पाहिलं, तर आलं, ‘तुषार आत्ता नाहीत’. म्हणजे बाजारात वगैरे गेले आहेत, येतील. तिनं ते पुसलं. मग लिहिलं, ‘हो. उठली.’ आणि लगेच उत्तर आलं, हसऱ्या चेहऱ्यांसकट, की तिच्याकडचे कंद अजून झोपलेत, यंदा तिकडे ऊन हटत नाही, आणि यंदा सुवी थंडीचं काय करणार? सुविधाच्या हातात मोबाईल होता आणि प्रश्न तिलाच होता, पण तिच्या नवऱ्याला विचारलेला. तिनं लिहिलं, ‘मी विसरले, पुन्हा सगळं सांग.’ पाठवायच्या आधी ‘विसरले’चा ले काढून लो केला. त्या एका अक्षरावर तिचं बोट किती वेळ थांबलं होतं हे तिचं तिलाच ठाऊक.

असुंतानं सगळं सांगितलं, अगदी शाळेच्या बाईसारखं, आणि मोबाईलच्या त्या ओबडधोबड मराठीतूनही ते स्पष्ट कळत होतं. उन्हाळ्यात कंद झोपतो. तेव्हा त्याला पाणी नको, एक थेंबही नको, कोरड्या गरम जागी पडू द्यायचा. शरदात पहिला पाऊस झाला की तो जागा होतो, मुळं काढतो. मग त्याला पाणी हवं, पण कुंडीत साचलेलं नको. मातीत खडी असावी, त्यांच्या डोंगरावर तो दगडांच्या फटीतच येतो. दिवसा सावलीत उजेड, दुपारचं ऊन नको. आणि मुळं धरली की थंडी. रात्रीची, दहा अंशांच्या खालची, निदान आठ आठवडे. गोठवायचं मात्र नाही. थंडी मिळाली नाही तर झाड मरत नाही, पानं काढत राहतं वर्षानुवर्षं, नुसती पानं. ‘पण हे तुला ठाऊक आहे,’ असुंतानं शेवटी लिहिलं होतं, ‘तुझ्याकडे तर दरवर्षी फुलते.’ सुविधानं गॅलरीतला थर्मामीटर पाहिला. पहाटेचेही चोवीस. जानेवारीत फार तर एकोणीस-वीसवर येईल. चार वर्षं कंद थंडीची वाट पाहत पानं काढत राहिला होता, आणि तुषारला हे ठाऊक असणार, त्या बाईनं त्यालाही सांगितलेलंच असणार. मग त्यानं कुंडी कधी फ्रिजमध्ये का ठेवली नाही? सुविधाला विचारायला लागलं असतं म्हणून? ती नको म्हणाली असती का? फ्रिजमध्ये माती, मासळीच्या शेजारी? म्हणाली असती. बहुतेक म्हणालीच असती. की त्यानं विचारलंही होतं आणि ती नको म्हणून विसरूनही गेली होती?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं फ्रिजचा खालचा खण रिकामा केला, मासे वरच्या बर्फाच्या खणात कोंबले, कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवली आणि शेजारी थर्मामीटर उभा केला. सहा अंश. रोज जेवणं आटोपली की कुंडी आत, सकाळी पदेर यायच्या आधी बाहेर. आठवड्याभरात ते अंगवळणी पडलं. असुंताला तिनं कळवलं की बायको रोज रात्री झाड फ्रिजमध्ये ठेवते, थर्मामीटर लावलाय, सहाच्या खाली जाऊ देत नाही. तुषार होऊन बायकोबद्दल लिहिताना तिला पहिल्यांदा कसंसंच झालं, आणि मग होईना. उलट ती खुलवून लिहायला लागली. बायको सकाळी पानांवरचं दव पुसते. बायको म्हणते, बाळंतिणीसारखं हिचं करायला लागतं. यातलं पहिलं खरं होतं, दुसरं ती त्या क्षणापर्यंत कोणाला म्हणाली नव्हती. असुंता मधूनमधून फोन करायची; सुविधा तो वाजू द्यायची आणि मग लिहायची की इकडे रेंज नाही. एकदा असुंतानं विचारलं, ‘पण ती गाते का अजून?’ सुविधानं त्याला उत्तर दिलं नाही. त्या रविवारी पुण्याहून तनयाचा नेहमीचा फोन आला. ही तिची एकुलती मुलगी, तिथल्या एका कंपनीत नोकरीला. सुविधानं इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “तनू, मी कधी गात होते काय गो?”

“म्हणजे काय? कपडे वाळत घालताना गायचीस की,” तनया म्हणाली. “पार्से गावातल्या घरी असताना. मी चौथी-पाचवीत असेन. पप्पा सुट्टीवर आले की तर जास्तच. का गो?”

सहज, असं सुविधा म्हणाली. मग तिनं विचारलं की मांद्र्याला आपण कधी गेलो होतो का, शिनाणे आणायला. तनया म्हणाली ते तिला नीट आठवत नाही, पण कोणत्या तरी किनाऱ्यावर पप्पांची एक चप्पल लाटेनं नेली होती आणि आई हसून हसून वाळूत बसली होती, असं काहीतरी आहे डोक्यात. फोन ठेवल्यावर सुविधा खुर्चीवरून उठली नाही. तिला ते आठवत नव्हतं. चप्पल आठवत होती, दुकानातून दुसरी घ्यायला लागली ते आठवत होतं. हसलेलं आठवत नव्हतं. इतके दिवस तिनं गृहीत धरलं होतं की तुषारनं एक बाई बनवली, तिला नाव दिलं, गळा दिला, भांडखोरपणा दिला. आता तिला कळेना की त्यानं बनवली होती की जपली होती. घरी असायचा तो वर्षाला दोन महिने. बाकीचे दहा महिने चादरींच्या वाफेत उभं राहून त्याच दोन महिन्यांतली बायको तो पुन्हा पुन्हा धुवून वाळत घालत असेल, आणि इकडे खरी बायको त्या दहा महिन्यांत बदलत गेली असेल. पण मग फुलाचं काय? फूल तर आलंच नव्हतं, ते शंभर टक्के खोटं. खोट्याच्या शेजारी ठेवलेलं खरं ओळखायचं कसं? तिनं गॅलरीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले. तोंड उघडून एखादी ओळ म्हणून पाहावी असं मनात आलं. खालच्या मजल्यावर गोकुळदासांचा टीव्ही चालू होता. ते पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, खाणी बंद झाल्यापासून घरीच असत आणि त्यांना सगळं ऐकू यायचं. ती कपडे घेऊन आत आली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रिज बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट म्हापशाहून यायला चार दिवस लागतील. पाच आठवडे झाले होते, आठ हवे होते. तिनं शुक्रवारी कुंडी पिशवीत घातली, स्कूटरवर पायांशी ठेवली आणि केंद्रावर नेली. चारला सगळे निघून गेल्यावर लशींच्या फ्रिजचं झाकण उघडून तिनं तळाची एक जाळी रिकामी केली आणि त्यात कुंडी आडवी बसवली. हात स्थिर होते. वहीत तिनं पाच लिहिले. घरी येताना तिला एवढंच वाटत होतं की आज त्याला बरं वाटेल, आणि तो म्हणजे कंद की तुषार याचा उलगडा करत ती बसली नाही. शनिवारी सकाळी कुंडी काढायला ती गेली, तर आत डॉक्टर होत्या आणि दिवसभर तिथून हलल्या नाहीत, म्हणून तिला काढता आली नाही. सोमवारी साठा मोजायला डॉक्टर सिद्धींनी स्वतः झाकण उघडलं. त्यांना केंद्रावर येऊन वर्षही झालं नव्हतं, तनयाहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील.

“सिस्टर, हे काय आहे?”

“झाड आहे, डॉक्टर.”

“कुणाचं?”

माझं, असं सुविधा म्हणणार होती. तोंडातून निघालं, “ह्यांचं.”

डॉक्टर सिद्धींना तुषारचं माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेतली दया पाहून सुविधाला पहिल्यांदा भीती वाटली. नंतर जे व्हायचं ते रीतसर झालं. माती सांडली होती, त्या जाळीतल्या लशी वेगळ्या काढल्या गेल्या, एकेक तपासली गेली. त्या सुदैवानं बऱ्या निघाल्या. मेमो आला. फ्रिजचा ताबा सुमन नावाच्या दुसऱ्या सिस्टरकडे गेला आणि सुविधाला केसपेपर काढायच्या खिडकीवर बसवलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या की रजा घ्या थोडी, कोणाशी तरी बोला. सुविधानं सही केली. एकोणीस वर्षांची लाज एकदम येऊन कोसळेल म्हणून ती दिवसभर वाट पाहत होती. ती आली दोन दिवसांनी, खिडकीसमोर एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन उभी असताना. हे मूल आपण माती घातलेल्या जागेतली लस टोचून घेणार होतं. तिला त्या बाईचं नाव नीट लिहिता येईना. आणि तरी त्या दिवशीही घरी गेल्यावर, दुरुस्त झालेल्या फ्रिजमध्ये तिनं कुंडी ठेवली. आपण चूक केली हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि उद्या फ्रिज पुन्हा बंद पडला तर आपण काय करू ते मुळीच ठाऊक नव्हतं. आपल्यातलं नक्की कोण काय करेल, असा तो प्रश्न होता.

फेब्रुवारीच्या मध्यावर आठ आठवडे भरून चार दिवस वर झाले आणि कुंडी फ्रिजबाहेर राहिली. महिन्याच्या शेवटी पानांच्या बुडातून एक जाड, ठिपकेदार दांडा वर आला. त्याच्या टोकाला गुंडाळी होती, फिकट, मळकट. तिला वाटलं, नवं पान. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी, रविवार होता, ती वासानंच जागी झाली. घरात काहीतरी मेलं होतं. तिनं ओट्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालचे गोकुळदास नाकाला रुमाल लावून उभे होते. ते म्हणाले, “सुविधाबाय, तुमगेर खंय उंदीर मेल्लो आसा काय पळयात मगे. आमकां चा पिवंक जायना.” मेल्या उंदराच्या वासानं त्यांचा चहा राहिला होता; ती त्यांना घेऊन गॅलरीत गेली. गुंडाळी उलगडली होती. तळहाताहून मोठी, सोललेल्या मांसाच्या रंगाची, आतून राठ केसांनी भरलेली एक पाकळी मागे पडली होती आणि तिच्या मधोमध केसाळ शेपटीसारखा दांडा बाहेर आलेला. त्याच्यावर हिरव्या माश्या घोंगावत होत्या. गोकुळदास रुमाल नाकावर दाबून वाकून पाहू लागले. मग त्यांनी विचारलं की हे फूल आहे काय. ती हो म्हणाली. कोणी लावलं, असं त्यांनी विचारलं नाही, मान हलवत खाली गेले, आणि थोड्या वेळानं त्यांच्या जनेलांची दारं लावल्याचे आवाज आले.

सुविधा फुलाजवळ खाली बसली. असुंतानं कधीतरी लिहिलं होतं की तिकडे याला मेल्या घोड्याचं फूल म्हणतात. हे एवढं घाणेरडं काहीतरी चार वर्षं आलं नव्हतं, आणि ते येतंय असं एक माणूस आनंदानं लिहीत होता. दुपार होत आली तसा वास वाढला, आणि तिला जाणवलं की फुलाजवळ नेलेल्या हाताला ऊब लागतेय. तिला ते खरं वाटेना. कपाळावर रोखून ताप बघायचं यंत्र करोनाच्या दिवसांपासून घरात पडून होतं, ते तिनं आणलं आणि त्या केसाळ दांड्यावर धरलं. गॅलरीत एकतीस होते. दांडा चाळीस दाखवत होता. पुन्हा धरलं. चाळीस पूर्णांक चार. तिच्या हातून आजवर हजारो मुलांचा ताप पाहून झाला होता, आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हेच की ओल्या फडक्यानं पुसून काढायला हवं. ज्याला थंडी मिळावी म्हणून तिनं नोकरीतली इज्जत घालवली, ते आता आपण होऊन तापलं होतं. तिनं फोटो काढला, यंत्रावरच्या आकड्यासकट, आणि असुंताला पाठवला. एक अक्षरही लिहिलं नाही.

मिनिटभरात व्हिडिओ कॉल आला. सुविधानं तो वाजू दिला नाही, उचलला. पडद्यावर एक थकलेली गोरी बाई होती, पंचाहत्तरीची तरी असेल, चष्मा नाकावर घसरलेला, हात पिठानं भरलेले. मागे एक तरुण मुलगी उभी होती. बाई आनंदानं भराभर बोलत होती, आणि मग थांबून सुविधाच्या खांद्यामागे पाहायला लागली. “तुषार?” ती म्हणाली. मुलगी पुढे झाली, इंग्रजीत म्हणाली, मी तिची नात, आजी विचारतेय तुषार कुठे आहे. सुविधाला केंद्रापुरतं इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, “ही इज नो मोअर.”

“नो मोअर व्हॉट?” मुलीनं विचारलं.

गेल्या दीड वर्षात सगळेजण तिच्याशी ‘गेले’ असं बोलले होते, ‘ऑफ झाले’, ‘देवाघरी’. तिनंही तेच शब्द वापरले होते, आणि त्या शब्दांतून तुषार कुठेतरी गेलेलाच राहिला होता. आता एक अनोळखी पोर भुवया उंचावून थांबली होती. “डेड,” सुविधा म्हणाली. मग स्वतःलाच ऐकू यावं म्हणून मराठीत म्हणाली, “मेला. तुषार मेला.” मुलीनं आजीला सांगितलं. आजीनं पिठाचा हात तोंडावर नेला आणि तो तिथेच राहिला. तिचे खांदे हलायला लागले. सुविधाला वाटलं आता विचारील, मग इतके महिने कोण लिहीत होतं. तिनं त्याची तयारी केली. पण म्हातारी ते विचारत नव्हती. ती रडत होती, आणि सात समुद्रांपलीकडून तिला थोपटायला सुविधाजवळ काहीच नव्हतं. ती म्हणत राहिली, “रडू नकात, बाई. रडू नकात हां,” आणि आपल्या नवऱ्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी समजूत काढताना तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं ते तिला कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसलं.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं काहीतरी विचारलं. नातीनं सांगितलं, “आजी विचारतेय, शेवटी तो काय म्हणाला?”

तुषार पार्श्याहून भावाला भेटून एकटाच परत येत होता. बसमध्ये जनेलाजवळ बसला होता. म्हापशाला बस रिकामी झाली तरी तो उठला नाही, म्हणून कंडक्टरनं हलवून पाहिलं. त्या दिवशी सकाळी निघताना सुविधानं छत्री पुढे केली होती आणि तो म्हणाला होता, “नको.” तिच्या वाट्याला आलेला त्याचा शेवटचा शब्द एवढाच, आणि तो ऐकून ती केंद्रावर गेली होती, नऊच्या आत आकडा लिहायचा होता.

“मी त्याच्या शेजारीच होते,” सुविधा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. “आम्ही दोघं पार्श्याहून येत होतो.” नात वाक्यावाक्याला थांबून आजीला सांगत होती, त्यामुळे पुढचं वाक्य जुळवायला वेळ मिळत होता, पण सुविधाला वेळ लागतच नव्हता. तिनं सांगितलं की पाऊस नुकताच थांबला होता. त्यानं तिला जनेलाकडची जागा दिली. आगरवाड्याला एक बाई भाजीची पाटी घेऊन चढली, तिला त्यानं हात दिला. मग तो तुमच्या घराबद्दल बोलायला लागला, त्या तीन महिन्यांबद्दल, तुम्ही घालायचा त्या जेवणाबद्दल, आणि म्हणाला की आता ऑक्टोबर येईल, कंद जागा होईल, पाणी घालायला विसरू नको. मी म्हटलं, विसरेन कशी? तो हसला. म्हातारी तोंडावरचा हात काढून ऐकत होती. पीठ तिच्या ओठांना लागलं होतं. मागे गॅलरीत माश्या घोंगावत होत्या, वास घरभर भरला होता, आणि सुविधा सांगत होती की चोपड्याला गर्दी वाढली तशी तो जरा सरकून बसला, त्यानं डोकं तिच्या खांद्यावर टेकलं, तिनं टेकू दिलं, आणि गाडी शिवोलीच्या पुलावर चढली तेव्हासुद्धा तो बोलतच होता.